धूर कुठे गेला?



बॅटरीवर चालणारी गाडी घेतली तर पुण्य लागते का, असा प्रश्न गेल्या वर्षभरात आम्हाला दोन-चार जणांनी विचारला. विचारणारे हसत हसतच विचारतात. पण त्या हसण्याआड थोडी अस्वस्थताही असते. मुलगा सांगतो, बाबा, पेट्रोलची गाडी म्हणजे पृथ्वीचा घात. शेजारी सांगतो, वीज तरी कुठून येते, कोळशातूनच ना? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि बाप मध्ये अडकलेला. नीतिशास्त्र शिकताना आम्हाला अशा अडकलेल्या माणसाची गोष्ट पुष्कळदा भेटली. म्हणून या रविवारी हा विषय थोडा सविस्तर मांडावा असे आम्हास वाटले.

पहिली गोष्ट म्हणजे ही गाडी नवी नाही. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली पुन्हा पुन्हा भरता येईल अशी शिशाची बॅटरी तयार केली. १८८१ साली पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तीनचाकी धावली. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटारही विजेचीच होती. कामिय जेनात्झी या बेल्जियन माणसाने १८९९ साली ती चालवली. १९००च्या सुमारास अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश मोटारी विजेवर चालत. मग पेट्रोल स्वस्त झाले, फोर्डची स्वस्त मोटार १९०८ साली आली, आणि १९१२पासून हँडल न मारता बटणाने इंजिन सुरू होऊ लागले. विजेची गाडी मागे पडली. त्या वेळी कोणत्या गाडीचा धूर कोणाच्या फुप्फुसात जातो हा प्रश्न जमाखर्चात कुठेच धरलेला नव्हता. किंमत, सोय आणि वेग एवढ्यावर निकाल लागला. आजही बाजार पुष्कळसा तसाच चालतो, म्हणून हा इतिहास सांगितला.

ती गाडी परत आली लिथियमच्या बॅटरीमुळे. ही बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली, ती कॅमेऱ्यासारख्या लहान यंत्रांसाठी. तिच्यामागील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. (निवृत्तीनंतर आता काय करायचे, असे विचारणाऱ्या आमच्या ज्येष्ठ बांधवांनी याची नोंद घ्यावी.) आपल्या देशात बंगळूरची छोटी ‘रेवा’ २००१ साली आली. महाराष्ट्र एस.टी.ची विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. मुंबईत बेस्टच्या दुमजली विजेच्या बसगाड्या २०२३ साली धावू लागल्या. पण खरा बदल घडवला तो रिक्षाने. २०२३ साली देशात विकल्या गेलेल्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. पाण्यावरही हेच चालू आहे. केरळात ‘आदित्य’ ही सौरशक्तीवरची प्रवासी बोट २०१७ साली सुरू झाली आणि कोचीची वॉटर मेट्रो २०२३ साली. विमानाचे मात्र अवघड आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा हजार वॉट-तास एवढी शक्ती असते, एक किलो बॅटरीत अडीचशेच्या आसपास. जमिनीवर हे वजन चाकांवर टाकता येते, आकाशात ते उचलावे लागते. युरोपात २०२० साली दोन आसनांच्या एका विमानाला परवाना मिळाला, पण ते तासभरही उडत नाही. आखातात नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांनी इतक्यात तशी आशा धरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बॅटरीची गाडी आपल्या आळीतून जाते तेव्हा धूर सोडत नाही, हे खरे. दम्याच्या रोग्याला आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या लेकराला याचा लाभ होतो आणि तो लाभ आम्ही लहान मानत नाही. पण मग धूर कुठे गेला?

याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डहाणूच्या खाडीलगत पाचशे मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र १९९५ साली सुरू झाले. ती वीज मुंबईच्या उपनगरांसाठी. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ सालीच घोषित झाला होता. तिथल्या चिकूच्या बागाईतदारांनी राखेबद्दल आणि घटत्या उत्पन्नाबद्दल वर्षानुवर्षे तक्रार केली, लढा न्यायालयापर्यंत गेला आणि धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसली ती २००७ साली. देशाच्या विजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अजून कोळशातूनच येतो. राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक चंद्रपूरला आहे, म्हणजे आपल्या नजरेपासून आणखी दूर.

धूर नसेल तर दुसरे काही असते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेला वीज मिळाली १९२५ साली आणि ती विरारपर्यंत आली १९३६ साली. वाफेच्या इंजिनाचा काळा धूर आपल्या लोकांच्या पांढऱ्या कपड्यांवरून गेला. त्या काळी मुंबईच्या विजेचा मोठा भाग सह्याद्रीतील धरणांच्या पाण्यावर तयार होत असे. त्यातलेच एक धरण मुळशीचे. त्यासाठी मावळातील गावेच्या गावे बुडणार होती, म्हणून १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लाभली ती याच लढ्यात. लढा हरला, धरण झाले. विजेच्या गाडीने कामावर जाणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना याची काही कल्पना असेल का? असली तरी त्यांनी काय करायचे होते, पायी जायचे होते का?

हा प्रश्न थट्टेचा नाही. ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात त्यावर फार जुना विचार झालेला आहे. अठराव्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी यांनी दुसऱ्याच्या वाईट कृत्यातील आपल्या सहभागाची बारकाईने छाननी केली. त्या चर्चेतले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे शिडी धरणारा नोकर. मालक पापाच्या हेतूने खिडकीतून आत शिरतो आणि नोकर खाली शिडी धरून उभा असतो. नोकराला ते कृत्य मान्य आहे काय? मान्य असेल तर तो भागीदार. मान्य नसेल, तर पुढे विचारायचे की त्याची मदत किती जवळची आहे, त्याच्याशिवाय ते घडले असते का, नकार दिला तर त्याच्यावर काय ओढवेल. मदत जितकी जवळची तितके कारण भक्कम लागते. मदत दूरची असेल तर कमी कारणही पुरते.

या मापाने पाहिले तर विरारहून लोकलने जाणारा माणूस दोषी नाही आणि बॅटरीची स्कूटर घेणारी शिक्षिकाही नाही. त्यांचा सहभाग फार दूरचा, हेतू पोटापाण्याचा. इथवर आमचे पुस्तकी उत्तर सरळ आहे. पण आम्हाला एक अडचण जाणवते. त्या नोकराला निदान शिडीचे वरचे टोक दिसत होते. आपण आज ज्या शिड्या धरून उभे आहोत त्यांची वरची टोके दुसऱ्या खंडात आहेत.

उदाहरण घ्या कोबाल्टचे. अनेक बॅटऱ्यांना हा धातू लागतो आणि जगातील सुमारे सत्तर टक्के कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो. बराचसा मोठ्या यंत्रांनी निघतो, पण काही भाग माणसे हाताने खणून काढतात. त्यात लहान मुले आढळल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली जगापुढे मांडले. काँगो हा आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहून कितीतरी अधिक कॅथलिक देश आहे. तिथली आई आपल्यासारखीच रविवारी मिस्साला जाते. पोप फ्रान्सिस जानेवारी २०२३च्या अखेरीस किन्शासाला गेले, तेव्हा आफ्रिका ही ओरबाडण्यासाठी ठेवलेली खाण नव्हे अशा आशयाचे त्यांनी परखडपणे सुनावले. त्याच पोप महोदयांनी डिसेंबर २०२४मध्ये बॅटरीवर चालणारी पोपमोबाईल स्वीकारली. कोणी यात विसंगती पाहील. आम्हाला ती दिसत नाही. एका हाताने गाडी स्वीकारावी आणि त्याच तोंडाने खाणीबद्दल बोलावे, हेच प्रामाणिक माणसाला आज शक्य आहे.

हान्स योनास या जर्मन ज्यू तत्त्ववेत्त्याने १९७९ साली जबाबदारीवर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आपली जुनी नीती जवळच्या माणसांसाठी आणि जवळच्या काळासाठी घडलेली आहे. यंत्राने माणसाचा हात लांब केला, पण विवेकबुद्धीची नजर तेवढी लांब गेली नाही. सेमिनरीत हे वाचताना आम्हाला ते जरा कोरडे वाटले होते. आता दयाळू शोमरोन्याचा दाखला वाचताना ते आठवते. याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, तरी जखमी माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आपला जखमी माणूस वाटेत पडलेलाच नसतो. तो मालाच्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि मधली प्रत्येक कडी म्हणते, मला ठाऊक नाही.

मग ‘सगळेच वाईट, तेव्हा काहीही घ्या’ असे म्हणायचे का? हा निष्कर्ष आळशी आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, बाकी उष्णता होऊन जाते. विजेची मोटर मिळालेल्या शक्तीचा पाऊण हिस्सा तरी कामी लावते. त्यामुळे कोळशाची वीज धरूनही आयुष्यभराचा हिशेब बॅटरीच्या गाडीच्या बाजूने झुकतो, आणि छपरावरची सौर वीज वाढेल तसा आणखी झुकेल. कोबाल्ट मुळीच न लागणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता बऱ्याच गाड्यांत येतात. दुकानात गाडीचा रंग आणि ‘एका चार्जमध्ये किती जाते’ एवढे विचारून आपण थांबतो. बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हेही विचारावे, उत्तर मिळते. मात्र कमी वाईट निवडले म्हणून आपण निर्मळ झालो असे समजू नये. दारात आधीच दोन गाड्या असताना तिसरी बॅटरीची घेणाऱ्याला आम्ही पर्यावरणप्रेमी म्हणणार नाही, तो बसने गेला असता तर म्हटले असते.

माथेरानचे प्रकरण आम्हाला या सगळ्यात अधिक बोलके वाटते. तिथे मोटारींना बंदी आहे आणि डोंगरावरची हवा खरोखर शुद्ध आहे. पण त्या शुद्ध हवेत माणसे माणसांना ओढत होती. एक पुढून हातरिक्षा ओढतो, दुसरे मागून ढकलतात, आत पर्यटक बसलेला. धूर शून्य! बॅटरीची रिक्षा तिथे डिसेंबर २०२२मध्ये चाचणीसाठी आली. घोडेवाल्यांनी विरोध केला आणि त्यांच्या पोटाचा प्रश्नही खोटा नव्हता. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचे सांगून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना करण्याचा आदेश दिला. इथे बॅटरीने हवा सुधारली नाही, ती आधीच चांगली होती. तिने माणसाच्या खांद्यावरचे ओझे काढले. बॅटरी गेली कोणाच्या हाती, हेही त्या आदेशात पाहिले गेले: जो ओढत होता त्याच्या.

हे सारे आज लिहिण्याचे कारण तसे घरगुतीच आहे. चर्चच्या आवारात चार्जिंगची सोय करावी अशी सूचना धर्मग्राम परिषदेकडे आली आहे. सूचना चांगली आहे. पण आवाराचे वीजबिल सर्वांच्या दानातून भरले जाते, त्यात ज्यांच्याकडे सायकलही नाही अशा विधवा भगिनींचे दानही असते. त्या विजेवर चारचाकी फुकट भरली जावी हे आम्हास पटत नाही. मीटर लावून पैसे घ्यावेत, आणि रात्रीच्या वेळी आपल्या धर्मग्रामातील रिक्षावाल्या बांधवांना कमी दरात प्रथम संधी द्यावी, असे आमचे मत आम्ही परिषदेपुढे ठेवणार आहोत. जुन्या बॅटऱ्यांचेही ठरवावे लागेल. शिशाच्या बॅटऱ्या भंगारात जातात आणि कुठल्यातरी झोपडीमागे भट्टीत वितळतात, तिथला धूर लेकरांच्या मेंदूला बाधतो. २०२२च्या नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ती दुकानदाराकडेच परत द्यावी आणि पावती मागावी. छपरावर सौर पत्रे बसवायचे झाल्यास खर्च किती येईल, याचा अंदाज परिषदेतील दोन सभासद काढीत आहेत. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते पुढील बैठकीपूर्वी लेखी आमच्याकडे द्यावे. रिक्षावाल्यांनी तर द्यावेच, रात्री किती वाजता गाडी लावता येईल हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?