घेणाऱ्याचा मान

उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींचा एक गट मुंबईला सेवेसाठी जातो. नाशिकरोडला सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरायची, कसाऱ्याचा घाट उतरायचा आणि पाच-सहा दिवस त्या महानगरात राहायचे. सिस्टरांच्या आश्रमात निराधारांची सेवा करायची, परळच्या टाटा रुग्णालयाच्या परिसरात पदपथावर दिवस काढणाऱ्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना जेवण वाटायचे, असा हा कार्यक्रम असतो. मुले परततात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळे तेज असते. ते पाहून पालकांना धन्यता वाटते, आणि ती वाटावी असेच हे कार्य आहे.

मागच्या खेपेस रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात या सेवेची छायाचित्रे लावली होती. त्यांतील एका चित्रात आमचा एक युवक एका वृद्धेला घास भरवत होता. धर्मग्रामातील एक आजी त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावून विचारले, "बाळा, हिला विचारलं होतंस का?"

"काय विचारायचं, आजी?"

"तिचा फोटो काढू का म्हणून."

मुलगा गोंधळला. आजी रागावल्या नव्हत्या. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या बाकावर जाऊन बसल्या. पुढे आम्हांला त्यांनी जे सांगितले ते असे : १९७२च्या दुष्काळात त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खडी फोडायला जात. कडेवर लहान मूल होते. सुकडी वाटली जायची. एके दिवशी मदत देणारे पाहुणे आले. आजींच्या हाती भांडे देऊन त्यांना पुढे उभे करण्यात आले आणि हसायला सांगण्यात आले. "पोरगं उपाशी होतं, म्हणून हसले," एवढेच त्या म्हणाल्या. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही सुकडीच्या चवीआधी त्यांना ते हसणे आठवते.

आजींच्या त्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो. सेवा करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे सेवा शुद्ध होते काय? की घेणाऱ्याच्या मनात ती काय ठेवून जाते, यावरही तिचे मोल ठरते?

आमची मुले दांभिक नाहीत, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांनी पहाटे उठून चादरी धुतल्या, जखमा पुसल्या, संडास घासले. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू देऊ नये, ही प्रभूची शिकवण त्यांना पाठ आहे. परंतु छायाचित्र हे निमित्त झाले. छायाचित्र न काढताही आपण समोरच्या माणसाला आपल्या पुण्याचे साधन करू शकतो. आपल्या अंतःकरणातही एक कॅमेरा असतो आणि तो सहसा आपल्याकडेच रोखलेला असतो.

नाशिक-नगरकडील ख्रिस्ती समाजाने तर हे कुणाहीपेक्षा अधिक जाणावे. आपण रांगेच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. आपल्यांतील कित्येकांचे आजे-पणजे दुष्काळात मिशनच्या दारी उभे राहिले. तेथे त्यांना धान्य मिळाले, शाळा मिळाली, माणूस म्हणून हाक मिळाली. त्या मिशनऱ्यांचे ऋण आपण विसरू शकत नाही. परंतु 'दाण्यासाठी धर्म घेतला' हा टोमणाही याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. घेणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात ठाऊक आहे, त्यांच्याच नातवंडांनी देताना ते विसरावे काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. मदत घेणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा जपावी. देण्यामागे स्वार्थ किंवा वर्चस्वाची इच्छा नसावी. न्यायाने जे दुसऱ्याचे आहे ते दयेची देणगी म्हणून पुढे करू नये. आणि घेणारा हळूहळू आपल्या पायांवर उभा राहील, अशी मदतीची रचना असावी, असा त्याचा आशय आहे. याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. दुष्काळी कामांच्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. त्यामुळे खडी फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा हक्क मिळाला. मजुरी घेताना तिने कुणासाठी हसावे, अशी अट उरली नाही. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या असतील. पण सुकडीपासून मजुरीच्या हक्कापर्यंतची ही वाट दयेकडून न्यायाकडे जाणारी होती.

यावर कुणी म्हणेल, आज रात्री जो उपाशी आहे, त्याने न्यायाची वाट पाहायची काय? मुळीच नाही. शोमरोनी मनुष्य रस्त्याच्या सुरक्षिततेवर चर्चा करीत बसला नाही. त्याने आधी जखमा बांधल्या. मात्र त्या दाखल्यातील एका माणसाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला. मागे राहिला तो उतारशाळेचा मालक. पुढचे पथ्यपाणी त्यानेच केले असणार. शोमरोन्याने त्याच्या हाती पैसे ठेवले आणि अधिक खर्च झाला तर परतताना देईन, असे वचन दिले. जो थोडा वेळ सेवा करतो, त्याने कायम सेवा करणाऱ्याचा भार हलका करावा आणि परत येण्याची जबाबदारी घ्यावी, हे आम्हांला येथे दिसते. आमची मुले सहा दिवसांनी परततात. आश्रमातील सिस्टर आणि आया मात्र सातव्या दिवशीही त्याच चादरी धुतात.

गाडगेबाबांनी हे ओळखले होते. हातात खराटा घेऊन ते गावात शिरत, आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तन करीत. त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र झोपडीत राहिले. धर्मशाळेत उतरणाऱ्याला आपण कुणाच्या दयेवर आहोत, असे वाटत नाही. तो तेथे पाहुणा असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांना आपण गरीब म्हणतो, ते केवळ घेणारे नसतात. मार्च २०१८मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, पायी मुंबईस निघाले. अनेकांचे पाय फुटले होते. मुंबईकरांनी त्यांना पाणी, खाऊ, चपला दिल्या. ती सेवा खरीच होती. पण दुसऱ्या दिवशी शहरातील मुलांची दहावीची परीक्षा होती. वाहतूक अडून मुलांचा खोळंबा होऊ नये, म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे विश्रांती न घेता रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेली. त्या रात्री कोणी कोणाची सेवा केली?

पेत्रालाही प्रभूकडून पाय धुऊन घेणे जड गेले होते. देणारा होण्यापेक्षा घेणारा होणे कधीकधी अधिक नम्रता मागते. ज्याला घेता येत नाही, त्याचे देणे नकळत वरून खाली येते.

युवकांच्या बैठकीत आम्ही हे सारे मांडले. मुंबईला जाणे थांबवावे, असे आम्ही म्हटले नाही. जावे, पण समोरच्याचे नाव विचारावे, घास भरवण्याआधी 'भूक आहे का' हे विचारावे, कॅमेरा घरी ठेवावा आणि परतल्यावर आपल्या पायांशी काय आहे, ते पाहावे. तेव्हा एका मुलीने हळूच कबूल केले, की मुंबईच्या आश्रमातील अकरा जणींची नावे तिला पाठ आहेत. पण आजींचे नाव तिला ठाऊक नाही. आजी चर्चपासून चौथ्या घरात एकट्या राहतात.

पुढच्या रविवारी ती मुलगी त्यांच्याकडे गेली. काही काम सांगा, म्हणाली. आजींनी तिला बसवले आणि चहाचे आधण ठेवले. "नको आजी, तुम्ही कशाला त्रास घेता?" ती म्हणाली.

"बस गं," आजी म्हणाल्या. "मला एवढं तरी देऊ दे."

ती बसली. हे तिने आम्हांला सांगितले, तेव्हा यंदाच्या सेवेचा आरंभ झाला, असे आम्हांला वाटले.