चुकलेली तारीख

गेल्या पावसाळ्यात औरंगपुऱ्यात मुलांच्या वह्या घेत असताना माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, वारंट जुनं झालं की आपोआप खलास होतं का?"

हे गृहस्थ मूळचे नांदेडकडचे. पूर्वी दरवर्षी टोळीबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला जात. एका हंगामात फडावर हाणामारी झाली. पोलिसांनी दहा-बाराजणांची नावे लिहून घेतली, त्यात यांचेही. जामीन झाला. दोन तारखा त्यांनी केल्या. मग पट्टा पडला, टोळी गावी परतली. पुढच्या तारखेला जायचे म्हणजे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि न कळणारी कानडी. मुकादम म्हणाला, "एवढ्या लांब कोण येतंय तुला धरायला?" ते गेले नाहीत. तेव्हापासून ते त्या राज्यात पाऊल ठेवीत नाहीत, आणि दाराशी खाकी कपडा दिसला की मागच्या खोलीत जातात.

"मी मारलं नाही, सर. सोडवायला गेलतो." माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. वारंट आपोआप संपत नाही. न्यायालय ते रद्द करीपर्यंत अथवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत असते, आणि भारतात कोठेही बजावता येते. पुढे न्यायालयाने फरारी म्हणून जाहीरनामा काढला, तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि त्या जाहीरनाम्याला न जुमानणे हाच एक स्वतंत्र गुन्हा ठरतो. म्हणजे मूळ आरोपातून जो कदाचित निर्दोष सुटला असता, तो न गेल्यामुळे खरोखरीचा गुन्हेगार होतो.

पण त्यांचे म्हणणे निराळेच होते. वर्षभरापूर्वी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली. "अंगुलीमालाला राजानं सोडलं ना? मग आता माझं जुनं कशाला उकरायचं?"

बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अंगुलीमालाची कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम घेतली आहे. प्रसेनजित राजा पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघाला होता, आणि चीवर घातलेला अंगुलीमाल पाहून त्याने त्याला वंदन केले. हे आपण विहारात ऐकतो. पण विनयपिटकातील महावग्गात पुढची हकीकत आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. बिंबिसार राजाने भिक्खूंना अभय दिले होते. त्याचा फायदा घेऊन एक चोर तुरुंग फोडून पळाला आणि संघात शिरला. दुसरा एक चोर असा होता की, दिसेल तेथे त्याला ठार करावे असे राजवाड्यात लिहून ठेवले होते. तोही भिक्खू झाला. लोक कुरकुरू लागले. तेव्हा बुद्धांनी नियम घातला की, तुरुंग फोडून आलेल्याला आणि असे नाव लिहिले गेलेल्याला प्रव्रज्या देऊ नये. कर्ज बुडवून आलेल्यालाही नाही. चीवर ही लपण्याची जागा होऊ नये, असा त्याचा अर्थ मी घेतो. उपासकाची पांढरी वस्त्रेही त्याला अपवाद नाहीत.

यावर ते चिडले. "मोठी माणसं तरी कुठं जातात? आमच्या धर्माबादच्या कोर्टानं चंद्राबाबूंवर वारंट काढलं होतं ना?"

ते खरे आहे. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याच्या आंदोलनासाठी चंद्राबाबू नायडू आपल्या साथीदारांसह जुलै 2010 मध्ये तेथे आले, त्यांना अटक झाली आणि पोलिसांना मारहाण केल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर 2018 मध्ये धर्माबादच्या न्यायालयाने अजामीनपात्र वारंट काढले, तेव्हा ते आंध्रचे मुख्यमंत्री होते. गुन्हा रद्द करावा ही त्यांची मागणी औरंगाबाद खंडपीठाने मे 2024 मध्ये फेटाळली. ते दोषी की निर्दोष हा माझा विषय नाही. पण मुख्यमंत्र्याला चुकलेली तारीख पेलते. त्याच्यासाठी वकील उभा राहतो, अर्ज होतात, वरच्या न्यायालयाची वाट मोकळी असते. ऊसतोड्याची एक तारीख चुकली की त्याचे अर्धे राज्यच बंद होते. ही विषमता आहे, आणि ती मला पटत नाही. तथापि विषमता आहे म्हणून लपून राहावे, हे त्यातून निघत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले असताना तळ्यावर जाण्यास न्यायालयाची मनाई होती. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबविला, खटला लढविला आणि उच्च न्यायालयातून तो जिंकायला 1937 साल उजाडले. न्यायालये तेव्हा आपल्याला अनुकूल होती, असे कोण म्हणेल?

मी विचारले, "जामीन कोण राहिला होता?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. फडाजवळच्या एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा उतारा ठेवून जामीन दिला होता. ना ओळख, ना भाषा. आरोपी गैरहजर राहिला की जामीनदाराला नोटीस येते, रक्कम भरावी लागते. त्या माणसाचे काय झाले, हे यांनी कधी विचारलेच नव्हते. आणि मुचलक्यावर अंगठा होता यांचा, "प्रत्येक तारखेस हजर राहीन" असा. आपण रोज चौथे शील म्हणतो. मारामारीत ते निर्दोष असतील. त्या अंगठ्याच्या बाबतीत मात्र नाहीत. माझ्या मते त्यांचे जाणे न्यायालयापेक्षा त्या शेतकऱ्यासाठी अधिक अगत्याचे आहे.

एकट्याने जा, असे मात्र मी त्यांना म्हणालो नाही. भीतीने पळालेल्या माणसाला उपदेश करून घरी बसणारे आपल्यात कमी नाहीत. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला, त्याचे उत्पन्न काहीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज पाठविला आहे. वकिलाने सांगितले की, स्वतःहून हजर होऊन वारंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. पकडून नेलेल्यापेक्षा आपण होऊन आलेल्याकडे न्यायालय निराळ्या नजरेने पाहते. कदाचित दंड होईल, कदाचित काही दिवस आत राहावे लागेल. हेही त्यांना सांगितले आहे.

विहारातील तिघांनी प्रवासखर्च उचलला आहे. मी शाळेत चार दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आहे. त्या शेतकऱ्याचे गाव त्यांना आठवते, नाव आठवत नाही. कोर्टाच्या कागदावर ते सापडेल. तारखेच्या आदल्या दिवशी आधी तिकडेच जायचे ठरले आहे.