मारबत, खंजिरी आणि साथ देणारे

तान्ह्या पोळ्याला नागपुरात इतवारी-महालच्या रस्त्यांवर मारबत निघते, तेव्हा तिचा गलका शेजारच्या गांधीबागेतल्या कापडबाजारापर्यंत पोचतो. एक पिवळी, एक काळी, अशा दोन अवाढव्य बाहुल्या. मागोमाग बडगे म्हणजे टीकेचे पुतळे, ढोलताशे आणि एक हाक. रोगराईचं नाव घ्यायचं की महागाईचं, हे हाक देणारा ठरवतो. तिला घेऊन जा, असं मारबतीला बजावणारा शेवट मात्र गर्दीचा. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची मानतात. १८५७ साली इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या बांकाबाई भोसल्यांच्या निषेधातून ती आली, असं नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ही कथा कागदपत्रांत कितपत टिकते, ते इतिहासकारांनी पाहावं. परक्या राजवटीवरचा राग काढायला या शहराला नवं गाणं रचावं लागलं नाही, जुन्या हाकेत नवं नाव घालणं पुरलं, एवढं मात्र त्या कथेतून दिसतं.

स्वातंत्र्यलढ्यातल्या गाण्यांवर लिहिणारे बहुतेक जण शब्दांवर लिहितात. सरकारही शब्दांनाच भ्यायचं. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, सावरकरांचे पोवाडे जप्त झाले. शब्दांचं भाषांतर होतं, फाइल होते, खटला चालवता येतो. पण लढे शब्दांची वाट पाहत बसत नाहीत. १९२३ चा झेंडा सत्याग्रह मे ते ऑगस्ट असा नागपुरात चालला. सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगा नेण्याची मनाई मोडायला देशभरातून तुकड्या आल्या; जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाईंनी सूत्रं हाती घेतली. आणि झेंड्याचं म्हणून जे गीत पुढे देशभर गाजलं, ते श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ यांनी कानपुरात लिहिलं १९२४ मध्ये. गाण्याने आंदोलन पेटवलं, हे वाक्य आपण फार सहज लिहितो. इथे तर आंदोलन आधी झालं.

मग गाण्याने केलं काय? त्याचं उत्तर विदर्भात शोधायचं तर भजनं गाणाऱ्या संत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीपाशी जावं लागतं. लाकडाचं लहानसं कडं, एका अंगाने मढवलेलं कातडं, कडेला झांजा. एका हाताने धरायची, दुसऱ्याच्या बोटांनी वाजवायची. पेटी नको, मंच नको, सुरांचं शिक्षण नको. महाराज एक ओळ म्हणत, मंडळी ती उचलत, मागे बसलेलं गाव पुन्हा म्हणे. शेतावरून उशिरा आलेला माणूस तिसऱ्या फेरीला सामील झालेला असे. अक्षरओळखीची अट नाही, आणि भाषेचीही अडचण फारशी नाही, कारण मराठी-हिंदी मिसळलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात महाराज दोन्हींत रचत. अशा बैठकीला सभाबंदी लावायची तर शिपायाला आधी देवाच्या दारात उभं राहावं लागे. तेवढ्या वेळात गावाला एका दमात, एका ठेक्यात बोलण्याची सवय होत होती. माझ्या मते खरं काम हे होतं. देशभक्तीचा आशय नंतर येतो. आधी माणसं एकमेकांचा आवाज ऐकायला शिकतात.

सरकारला हे उशिरा कळलं, पण कळलं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, विदर्भातलं चिमूर इंग्रजांविरुद्ध उठलं. आष्टीही त्याच दिवशी उठली. तुकडोजींना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं गेलं. चिमुरात पोलिसांच्या गोळीला माणसं बळी पडली, आणि जमावाने अधिकाऱ्यांना ठारही मारलं. त्यानंतर सैन्य आलं, बायकांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. आपल्याकडच्या गौरवग्रंथांना यातलं अर्धंच आवडतं. भजनांनी गाव जागं केलं, हे अभिमानाने सांगायचं आणि त्या दिवशीच्या हत्यांशी भजनांचा संबंध नाही म्हणायचं, असं दोन्हीकडून चालणार नाही. एका सुरात म्हणायची सवय लागलेला जमाव मोर्च्यात जसा एकत्र राहतो, तसाच सूड घेतानाही. ठेका त्याला थांबवत नाही.

दुसरा मार्ग चलाख शब्दांचा. १९४३ च्या ‘किस्मत’ चित्रपटातल्या गाण्यात कवी प्रदीपांनी जर्मनी-जपानची नावं पुढे करून सेन्सॉरला चुकवलं आणि प्रेक्षकांनी नेमका अर्थ घेतला. काँगोत १९६० साली ग्रँड काले यांच्या वाद्यवृंदाने स्वातंत्र्याच्या वाटाघाटींवरच नाचायचं गाणं केलं. ते आफ्रिकाभर गाजलं. ही गाणी मला आवडतात. पण ती मुळात कलावंताची. ऐकणारा तबकडीपुढे नाचतो किंवा थिएटरात टाळ्या देतो. खंजिरीच्या भजनात ऐकणारा नावाला उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर तुकडोजींनी हीच साथ ग्रामसफाईकडे, व्यसनमुक्तीकडे वळवली. त्याला गर्दी झाली, पण ती उठावाइतकी कुणाला आठवत नाही, कारण नाल्याला खलनायक करता येत नाही. आज पंधरा ऑगस्टला चौकाचौकांत भोंगे लावून सिनेमातली देशभक्तिगीतं वाजतात. दुकानदार कुलूप उघडता उघडता ऐकतो, साथ कुणी देत नाही. साथ अजून मिळते ती मारबतीला. बडग्यांवर भ्रष्टाचार येतो, पुढारी येतात, परकी राष्ट्रं येतात. त्या हाकेच्या रिकाम्या जागेत कुठलंही नाव बसतं. उद्या कुणी शेजारच्या मोहल्ल्याचं नाव घातलं, तरी शेवट तितक्याच जोरात म्हटला जाईल, आणि तेव्हा दोष मारबतीला देता येणार नाही.