क्लबचा आत्मा कुठे असतो?

कराडजवळ आगाशिवच्या बौद्ध लेण्यांत गेलो की मला नागसेन भिक्खू आणि मिलिंद राजाचा संवाद आठवतो. रथ म्हणजे चाकं का? आस का? यांतलं एकही नाही, तरीही रथ आहेच.

2019 साली एफसी पुणे सिटी बंद पडला तेव्हा हाच प्रश्न मला फुटबॉलबद्दल पडला. आमच्या सातारा-सांगलीला जवळचं व्यावसायिक मैदान म्हणजे पुण्यातलं बालेवाडी. 2014 पासून हा संघ तिथं खेळला, 2017-18च्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याआधीचा पुणे एफसी 2007चा. तो गेला, त्याची अकादमी सिटीकडे आली. मग सिटीही पैशाअभावी संपला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. प्रशिक्षक फिल ब्राउन तिकडे, खेळाडू मार्सेलिन्योही तिकडे. 2022 मध्ये हैदराबादनं इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली. त्या चषकात पुण्याचं काही होतं का?

माझं उत्तर स्पष्ट आहे: नव्हतं. खेळाडू आणि परवाना हलवता येतो, बालेवाडीत घसा फोडणारी माणसं हलवता येत नाहीत. कोल्हापुरात बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम हे तिथले फुटबॉल संघ. खेळाडूंच्या पिढ्या बदलल्या, पण शाहू स्टेडियमवर पेठ तीच येते. नागसेन म्हणेल, पेठही क्षणाक्षणाला बदलते. खरं आहे. पण तिथं बाप मुलाला खांद्यावर घेऊन मैदानात आणतो, आणि पुढं तो मुलगा आपल्या मुलाला. कायमचा आत्मा नसतो हा अनात्मवाद मानूनही मला हे सातत्य खरं वाटतं. पुण्याच्या संघांना तेवढी वर्षंच मिळाली नाहीत, याचं मला आजही दुःख होतं.