ज्ञानाचे ऋण

कोकणच्या किनाऱ्यावर पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे तुकडे वाहून येतात. त्यांना आपण समुद्रफेन म्हणतो. वस्तुतः तो फेस नव्हे; माकूळ जातीच्या प्राण्याच्या अंगातले ते कवच होय. प्राणी गेला, कवच उरले, आणि आपण त्याला फेसाचे नाव देऊन मोकळे झालो!

याच कुळातील एका लहान प्राण्याच्या मेंदूचा नकाशासंग्रह अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली सिद्ध केला आणि संगणकावर सर्वांना खुला केला. ८ मेंदूंची एम.आर.आय. चित्रे एकत्र करून त्यांनी एक नमुन्याचा मेंदू घडविला व त्याचे ३२ खंड नावानिशी दाखविले. हाच प्राणी का? तो स्वतः रंगांध. तरीही भोवतालच्या वाळूचा, खडकाचा रंग अंगावर घेतो. त्वचेतील रंगपेशी मेंदूच्या हुकमाने मिटतात, उघडतात. त्याला काय दिसले, ते जणू त्याच्या कातडीवर वाचता येते.

परंतु नकाशा म्हणजे गाव नव्हे. नकाशात गाव कोठे आहे ते कळते. गावात आज कोणाची चूल पेटली नाही, ते कळत नाही. शिवाय हा सरासरीचा मेंदू कोणाचाच नाही. ज्यांचा तो होता, ते ८ जीव त्यापायी गेले.

कोणी म्हणेल, बाजारात रोज टोपल्या भरून माकूळ विकले जाते. तेथे आठांचे काय एवढे? हा युक्तिवाद मला फसवा वाटतो. खाणारा त्या जिवाला जाणल्याचा दावा करीत नाही. जाणणाऱ्याला मात्र पुन्हा अजाण होता येत नाही. ब्रिटनमध्ये असेच घडले. आधी शास्त्रीय पुरावा तपासला गेला, आणि २०२२ च्या कायद्याने माकूळ, अष्टपाद, खेकडे, शेवंडे यांना सुखदुःखाची जाणीव असते हे मान्य करून सरकारी धोरणात त्यांचा विचार करण्याची सोय केली.

म्हणून असे नकाशे करू नयेत, असे मी म्हणत नाही. खुला नकाशा असला, म्हणजे मागून येणाऱ्याला पहिल्यापासून चाचपडावे लागत नाही. कदाचित काही जीवही वाचतील. परंतु ज्ञान म्हणजे क्षमापत्र नव्हे, ते ऋण आहे. ज्याच्या मस्तकात आपण डोकावलो, त्याच्याशी आपले वागणे तसूभरही बदलले नाही, तर त्या ३२ नावांना समुद्रफेनाहून अधिक अर्थ तो काय?