बंद राहण्याची ऐपत

किनारी पर्यटनावरील सध्याची चर्चा बहुतेक वस्तूंविषयीच होते. तंबू कापडी आहे की सिमेंटचा, पायवाट बांबूची आहे की फरशीची, दिवे सौरऊर्जेवर चालतात का, जेवण पत्रावळीवर वाढतात की थर्माकोलच्या ताटात, एवढ्यातच ती संपते. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत काय करता येईल हे सांगणाऱ्या केंद्र सरकारच्या २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा ज्या सर्वाधिक संवेदनशील पट्ट्यात मोडतात, त्या पट्ट्यातही मंजूर आराखड्याच्या अधीन राहून निसर्गवाटा, कांदळवनातील पायवाटा आणि झाडांवरील झोपड्या यांना मुभा दिली, आणि त्यामुळे या वस्तूंच्या यादीला पर्यावरणनिष्ठेच्या प्रमाणपत्राचे मोल आले. हडपसर, लोणी काळभोरच्या नव्या वसाहतींतून ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरून शनिवार-रविवार किनाऱ्यावर घालवणाऱ्या ग्राहकापुढेही हीच यादी ठेवली जाते, आणि ती वाचून त्याचे समाधान होते.

वस्तू अगदीच गौण आहेत असे कोणी म्हणणार नाही. किनाऱ्यालगतच्या वाळूत भूजल इतके वर असते की शोषखड्ड्यातील सांडपाणी फारसे गाळले न जाता शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. मार्च-एप्रिलमध्ये विहिरीचा उपसा वाढला की समुद्राचे पाणी आत सरकते आणि विहीर मचूळ होते. समुद्राकडे तोंड केलेला एक झगझगीत दिवा विणीला आलेल्या कासवाच्या मादीला परत फिरवू शकतो आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना, क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावण्याच्या त्यांच्या उपजत प्रेरणेमुळेच, जमिनीकडे भरकटवतो. परंतु या साऱ्या गोष्टी बांधकामाच्या शहाणपणात मोडतात, आणि तेवढे शहाणपण कोणत्याही बऱ्या अभियंत्याकडून विकत घेता येते.

याहून गंभीर समजला जाणारा पक्ष धारणक्षमतेचा आहे. एखादी जागा आपले स्वरूप न बिघडवता एका दिवशी किती माणसे सामावून घेऊ शकते, हा आकडा शास्त्रीय रीतीने काढावा आणि तेवढ्यांनाच परवानगी द्यावी, असे हा पक्ष सांगतो, आणि अधिकारी, सल्लागार व पर्यावरणवादी तिघांनाही तो सारखाच पटतो, हेच त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य आहे. ही कल्पना मुळात गुरचरणाच्या शास्त्रातली, एका कुरणावर किती जनावरे पोसली जातील या हिशेबातली. १९६४ मध्ये अमेरिकेत ॲलन वॅगर यांनी ती रानातील पर्यटनाला लावून पाहिली. पुढे कोस्टा रिकात मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात प्रथम जागेच्या लांबी-रुंदीवरून माणसांची कमाल संख्या काढायची, मग पाऊस, ऊन, धूप, वन्यजीवांना होणारा उपद्रव अशा कारणांसाठी ती कमी करत जायची आणि शेवटी व्यवस्थापनाच्या कुवतीने तिला गुणायचे, असे तीन टप्पे आहेत. यातील तिसरा टप्पा बारकाईने पाहण्यासारखा आहे. व्यवस्थापनाची कुवत म्हणजे कर्मचारी, साधने, पैसा. ती वाढली की गुणकही वाढतो, आणि कासव, वाळू, विहीर यांत तिळमात्र फरक न पडता किनाऱ्याची ‘प्रत्यक्षात मानायची’ क्षमता वाढलेली दिसते. ज्या हिशेबात चार रखवालदार नेमल्याने किनारा अधिक सोशीक ठरतो, तो किनाऱ्याचा हिशेब उरत नाही.

पद्धत सुधारून घेता येईल, असे यावर उत्तर येईल. येईलही, पण दोष पद्धतीपेक्षा आकड्याच्या स्वभावात आहे. दिवसाचा आकडा सर्व दिवस सारखे धरतो आणि विणीचा किनारा तसा नसतो. ऑलिव्ह रिडले मादी कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री कधीही येते, शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी, वाळूच्या तापमानाप्रमाणे पुढेमागे होत, पिल्ले बाहेर पडतात. ज्या रात्री मादी वाळूवर आहे त्या रात्री विजेरी घेतलेला एकच माणूसही जास्तीचा ठरतो. ज्या दिवशी काहीच घडत नाही त्या दिवशी दोनशे माणसेही फारसे बिघडवत नाहीत. शिवाय आकडा एकदा कागदावर आला की त्याचा अर्थ पालटतो. ओलांडू नये म्हणून ठरवलेली संख्या गुंतवणूकदाराच्या अहवालात गाठायचे लक्ष्य होते, कारण बँक कर्ज मंजूर करताना नेमके हेच विचारते की किती खाटा, वर्षातील किती रात्री, भरलेल्या असतील. मर्यादेचा आकडा अशा रीतीने भरणाचा आकडा होतो आणि तो शास्त्रीय असल्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

पर्यटन सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांनी कासवांची अंडी पूर्वी गावातूनच उचलली जात हे आठवावे. पर्यटक संस्कारित झाला की सारे सुधारेल म्हणणाऱ्यांनी कोणत्याही लांब सुट्टीनंतरचा किनारा पाहावा.

मग टिकाऊ मुक्कामाची खूण कोणती? ती बंद राहण्याच्या ऐपतीत आहे. निसर्गाने ‘आज नको’ म्हटले तर जो मुक्काम कोणाचे घर न बुडवता रिकामा राहू शकतो तो टिकाऊ. ज्याला रिकामे राहणे परवडत नाही तो कितीही बांबूचा असला तरी टिकाऊ नव्हे. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण सर्वत्र दिले जाते, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तेथे ग्रामस्थांसह अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव उभा राहिला, तेव्हा पाहुणे गावकऱ्यांच्या राहत्या घरांत उतरले. याचे कौतुक आपुलकी आणि घरगुती जेवण यांसाठी होते. खरी गोष्ट अशी की ती घरे महोत्सवासाठी बांधलेली नव्हती. पिल्ले निघाली नाहीत, पाहुणे आले नाहीत, तरी घर घरच राहते आणि आंबा-काजूचे उत्पन्न चालू असते.

याउलट गोव्यातील शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहे, पावसाळ्यापूर्वी उतरवली जातात आणि म्हणून तात्पुरती समजली जातात. मोरजी, आगोंद येथे कासवेही येतात, आणि शॅक उभी असण्याचे महिने कासवांच्या विणीचेच महिने आहेत. बांधकाम तात्पुरते, पण नेमक्या नको त्या काळात पक्के. कारण परवान्याचे शुल्क आणि उभारणीचा खर्च त्याच हंगामात वसूल करायचा असतो.

हा भेद गावकरी आणि उपरा असा नाही, हे आवर्जून सांगायला हवे. कर्ज काढून पाच खोल्या वाढवलेले गावातले घरही त्याच दिवशी हॉटेलच्या बाजूला जाते. मासेमारीत हे सारे एकदा घडून गेले आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून किनारा नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत असे, आणि ते थांबणे आगोटीच्या बेगमीवर, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या तांदळावर, सुक्या बोंबलावर आणि सुकटीवर उभे होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारे मासळीचे वाटे करत, म्हणून तोटाही वाटला जाई. हप्ता डोक्यावर असलेल्या मोठ्या पर्ससीन बोटीला असे थांबणे जड जाते, आणि २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालूनही पारंपरिक मच्छीमार आणि या बोटी यांच्यातला तंटा मिटला नाही, याचे एक कारण येथे आहे. हाव दोन्हीकडे सारखीच असेल. थांबण्याची ऐपत सारखी नाही.

मात्र ऐपत एकटी पुरत नाही. लोणी काळभोरजवळ मुळा-मुठेच्या कवडीपाट बंधाऱ्यावर हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर पाणपक्षी येतात, शहराचे सांडपाणी आणि प्लास्टिक यांतून वाट काढत चरतात, आणि सुट्टीच्या सकाळी छायाचित्रकारांची गर्दी होते. तेथे तंबू नाही, कर्ज नाही, बंद केल्याने बुडणारा धंदा नाही. तरीही पक्षी बुजले म्हणून आज कोणी जाऊ नये, असे सांगणारा अधिकारी माणूसच नाही. म्हणजे थांबणे परवडणारा धंदा आणि थांबा म्हणू शकणारा माणूस, दोन्ही हवेत.

म्हणून संरक्षित किनाऱ्यावरील शिबिराच्या परवान्यात खाटांच्या संख्येआधी दोन गोष्टी विचारल्या जाव्यात. शिबिर सलग तीन महिने बंद राहिले तर कर्जाचा हप्ता कोठून जाईल, ही पहिली. उत्तर नसेल तर पुढचा आराखडा उघडूही नये. आणि किनारा आज बंद असे पहाटे कोण सांगणार, ही दुसरी. हा अधिकार रात्री वाळू तुडवून घरटी शोधणाऱ्या कासवमित्राकडे असावा, आणि त्याचे मानधन वन विभागाकडून, पाहुणे आले किंवा न आले तरी, तेवढेच मिळावे. शिबिराच्या गल्ल्यातून ते जाऊ लागले तर ‘बंद’ हा शब्द त्याच्याही तोंडून निघणे कठीण होईल.