खोटी वस्तू हाती आली तर

खोटे नाणे हाती आले तर त्याचे काय करावे, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचा आहे. कोणी ते मुकाट्याने फळीवर टाकून देई, कोणी बाजाराच्या गर्दीत भाजीवालीच्या हाती सरकवी, आणि कोणी तर रविवारी दानाच्या थैलीत टाकून मोकळा होई! हा शेवटचा प्रकार किती मंडळ्यांत घडला असेल, ते दान मोजणाऱ्या खजिनदारांनाच ठाऊक.

आज नाण्याची जागा दुसऱ्या वस्तूंनी घेतली आहे. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद अशा आपल्या गावांतूनही लोक आता मोबाईलवर माल मागवतात. नामांकित कंपनीचे घड्याळ, पर्स, अत्तर, बूट पार्सलाने दारात येतात. पेटी उघडावी, तो शिवण वाकडी, वजन हलके, नावातील एखादे अक्षर निराळ्या वळणाचे. मन म्हणते, ही वस्तू खरी नव्हे. आता पुढे काय?

पहिली गोष्ट ही की, संशय म्हणजे पुरावा नव्हे. पेटी उघडल्याबरोबर विकणाऱ्याला चारचौघांत चोर ठरवणे हेदेखील खोटी साक्ष देण्याच्या जवळ जाते. त्याचीही कोठे फसगत झाली असेल, किंवा आपलाच समज चुकीचा असेल. म्हणून वस्तू वापरू नये, तिच्यावरील चिठ्ठी तोडू नये, बिल व पेटी जपून ठेवावी, छायाचित्रे काढावीत, आणि जमल्यास सोलापूर, हैदराबाद किंवा पुणे येथील त्या कंपनीच्या अधिकृत दुकानात ती दाखवावी. शहानिशा करणे हे दुसऱ्याविषयीचे आपले कर्तव्य आहे, तसेच ते आपल्या स्वतःविषयीचेही आहे.

कारण शहानिशा करताना एक प्रश्न आपल्यालाही विचारावा लागतो. वीस हजारांचे घड्याळ कोणी दीड हजारांत देऊ केले, तेव्हा आपल्या मनात काय आले? सणासुदीची सवलत आपण जाणतो, पण तिलाही काही मर्यादा असते. "खरे असेल तर नशीब, खोटे असेल तरी लोकांना काय कळते!" असे मनात म्हणून आपण पैसे भरले असतील, तर आपण पुरते फसवले गेलेलो नाही, फसवणुकीत आपलीही थोडी भागीदारी आहे. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे. घेताना तो मालाला नावे ठेवतो, आणि घरी गेल्यावर आपल्या चतुराईची बढाई मारतो. बाजारातील लबाडी तराजूच्या एकाच बाजूला बसलेली असते असे नाही, हे त्या जुन्या शास्त्रकाराने चांगले ओळखले होते.

पण ज्याने सरळ मनाने, योग्य किंमत देऊन वस्तू घेतली, त्याने काय करावे? त्याने गप्प बसू नये असे आमचे मत आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. खरी नसताना खरी म्हणून दाखवलेली वस्तू त्या कायद्याच्या दृष्टीने बनावट होय. त्याच महिन्यात आलेल्या ऑनलाइन व्यापाराच्या नियमांप्रमाणे बनावट माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा मुंबईचा, तक्रारदार जेथे राहतो त्या बीदर किंवा कलबुर्गी जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी लागत नाही.

इतके असूनही पुष्कळ लोक गप्प बसतात. याचे कारण आळस नसून लाज हे आहे. "एवढा शिकलेला, तरी फसला!" असे लोक म्हणतील अशी भीती वाटते. पण फसणाऱ्याने लाजावे आणि फसवणाऱ्याने उजळ माथ्याने फिरावे, हा कोणता न्याय? आपल्या मौनामुळे तोच माल उद्या शेजारच्या गावातील एखाद्या विधवेच्या घरी जातो. आपले पैसे बुडाले तर ते आपले नुकसान. आपण बोललो नाही म्हणून तिचे बुडाले, तर त्याचा थोडा जाब आपल्यालाही द्यावा लागेल.

याच ठिकाणी दुसरा एक मोह उभा राहतो. "मला फसवले, मग मीही ती दुसऱ्याच्या गळ्यात का बांधू नये?" खोट्या नाण्याची ही जुनीच गोष्ट. कोणी तीच वस्तू 'अस्सल' म्हणून मोबाईलवर पुन्हा विकायला काढतो. कोणी नवी खरी वस्तू मागवून, तिच्या पेटीत जुनी नकली घालून परत पाठवतो. कोणी ती कापणीच्या सणाच्या लिलावात देऊन पुण्यही पदरात पाडून घेतो! खोटे व्यापारचिन्ह असलेला माल जाणूनबुजून विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी आमचे म्हणणे हेच राहिले असते. आपल्यावर झालेला अन्याय हा दुसऱ्यावर अन्याय करण्याचा परवाना होऊ शकत नाही. फसवणुकीची साखळी कोणीतरी तोडलीच पाहिजे, आणि जो ती तोडतो त्याला नुकसान सोसावे लागते. प्रामाणिकपणाची किंमत ती हीच.

सर्वांत अवघड प्रसंग भेटवस्तूचा. पुण्यास नोकरी करणारा भाऊ बहिणीच्या लग्नात मेहुण्याला मोठ्या कंपनीचे घड्याळ देतो, आणि चार दिवसांनी मेहुण्याच्या ध्यानात येते की ते नकली आहे. सांगावे तर भावाचे मन दुखावते, शिवाय सासरच्या मंडळींना टोमणे मारण्यास विषय मिळतो. न सांगावे तर वस्तू परत करण्याची मुदत निघून जाते, कारण बिल भावाच्या नावावर आहे. पुष्कळजण म्हणतील, प्रेमाने दिलेल्या वस्तूची परीक्षा करू नये. ह्यात तथ्य आहे. घड्याळ खोटे निघाले म्हणून प्रेम खोटे ठरत नाही. पण नेमके म्हणूनच सांगणे शक्य आहे. मेहुण्याने भावाला एकटे गाठून, पाहुण्यांच्या कानांवर न जाऊ देता, "तुमची फसवणूक झालेली दिसते" असे सांगावे. खरे बोलण्याची जबाबदारी आहे, तशी ते कोठे व कोणापुढे बोलावे हे पाहण्याचीही आहे.

आणि पैसे परत मिळालेच नाहीत, विक्रेता नाहीसा झाला, तर? घड्याळ वेळ दाखवीत असेल तर वेळ पाहण्यास ते वापरावे. स्वस्त वस्तू वापरणे हे पाप नव्हे. मात्र त्यावरील नावाचा मोठेपणा मिरवू नये, व कोणी विचारले तर खरे सांगावे. ते होणे नसेल तर ती वस्तू मोडून टाकलेली बरी.

येथे कोणी म्हणेल, "परदेशातील त्या श्रीमंत कंपन्यांचे आपल्या एका घड्याळाने काय बिघडते?" ह्याचे उत्तर देण्यास आम्हांला युरोपात जावे लागत नाही. बीदरच्या कारागिराचे उदाहरण घ्या. जस्तात थोडे तांबे मिसळून तो भांडे ओततो, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार बसवतो, मग जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने भांडे काळेभोर होते आणि चांदी तेवढी पांढरी राहते. ह्या कामास २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. उद्या कोणी साध्या धातूस काळा रंग फासून, पांढरी पट्टी चिकटवून तीच वस्तू 'बीदरी' म्हणून मोबाईलवर विकली, तर आपल्याला राग येईल की नाही? तसेच, जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापुरीचे नाव न घेता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्र व कर्नाटक दोन्हीकडचे लोक संतापले, आणि अखेर भारतीय कारागिरीचे ऋण कंपनीला मान्य करावे लागले. तो संताप योग्य होता. पण आपल्या चांभाराच्या नावासाठी भांडायचे आणि दुसऱ्याचे चोरलेले नाव मनगटावर बांधून मिरवायचे, ह्याला काय म्हणावे? अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात एकाच थैलीत दोन प्रकारची वजने ठेवण्यास मनाई केली आहे. घेण्याचे एक, देण्याचे दुसरे. आपल्या थैलीत ती दोन वजने आहेत काय?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, हा विषय एखाद्या रविवारी मोठ्या मुलांपुढे ठेवावा. आजकाल घरात मोबाईलवर माल मागवण्याचे काम बहुधा तीच करतात. त्यांना उपदेश करण्याऐवजी मेहुण्याच्या घड्याळाची गोष्ट सांगावी आणि तुम्ही काय केले असते, असे विचारावे. मुले जी उत्तरे देतील ती नीट ऐकावीत. ती त्यांनी आपल्या घरात पाहिलेली असतील.